‘रानटी’ म्हणण्यापूर्वी एकदा नीट पाहावे

मांजर आडवे गेले म्हणून चार पावले थांबणारी पिढी आता आपल्या बेटावर फारशी उरलेली नाही. पण मांजराकडे नीट पाहणारी पिढी अजून यायची आहे. आपल्या वस्त्यांत मांजरांना तोटा नाही. मासळी साफ करायला बसले की ती नळाजवळ येतात, देवळाच्या ओट्यावर ऊन खात पडतात, शाळेच्या भिंतीवरून चालतात आणि संध्याकाळी उसाच्या कडेने दिसेनाशी होतात. रोज दिसणारी ही जनावरे तुम्ही ओळखता काय, असे कोणी विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : “मांजर ते मांजर. एखादे गरीब, एखादे चोर, बाकीची सगळी रानटी.” तीन शब्दांत आपण सगळ्यांचा निकाल लावून मोकळे होतो. या निकालाविषयीच आज आम्हांला लिहायचे आहे. कारण त्यावरूनच पुढे कोणाला घास मिळतो, कोणाला दगड मिळतो आणि कोणाची पिले गोणत्यात भरून उसात नेऊन टाकली जातात.

क्रिओलमध्ये मांजराला ‘सात’ म्हणतात. मराठीच्या तासाला आकडे म्हणताना हे आठवून मुले दरवर्षी हसतात. बेवारस मांजर मात्र ‘सात मारों’. यातला ‘मारों’ हा शब्द हसण्यासारखा नाही. वसाहतींच्या काळात तो प्रथम माणसाच्या हातून सुटून डोंगरात गेलेल्या गुरांना लावीत. पुढे तोच गुलामगिरीतून पळालेल्या माणसांना लावू लागले. आपल्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातला ल मॉर्नचा डोंगर अशा माणसांचा आसरा होता, आणि २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या माणसांच्या दुःखाशी मांजराची तुलना करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण त्या शब्दाचा इतिहास एक गोष्ट शिकवितो : एकदा एखाद्या समूहाला नाव चिकटले, की त्यातला एकेक जीव आपल्याला दिसेनासा होतो. पळाला का, आजारी आहे का, भुकेला आहे का, हे विचारण्याची गरजच मग कोणाला वाटत नाही.

शिक्षकी पेशात पाऊल टाकताना प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हांला एक शिस्त लावली गेली. मूल ऐकत नाही, लक्ष देत नाही, अंगावर धावून येते, असे म्हणण्याआधी त्याचे कान, डोळे, दात आणि पोट ठीक आहेत काय ते पाहावे. सकाळी ते काही खाऊन आले आहे काय, ते विचारावे. आणि मगच त्याच्या स्वभावाविषयी बोलावे. वर्गातल्या मुलाला लागू पडणारी ही शिस्त गल्लीतल्या मांजरालाही लागू पडते, असा आमचा अनुभव आहे. मांजराला बोलता येत नाही, आणि दुखणे लपविण्यात तर ते मोठे पटाईत. लहान प्राण्यांची शिकार करणारे हे जनावर स्वतःही मोठ्या प्राण्यांची शिकार होऊ शकते, त्यामुळे अशक्तपणा उघड करणे त्याला परवडत नाही. म्हणून त्याचे दुखणे आपल्याला दुखणे म्हणून दिसत नाही. ते स्वभाव म्हणून दिसते.

आमच्या रस्त्याच्या वळणावर एक पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे मांजर होते. ते ‘माजोरडे’ म्हणून साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होते. हाक मारा, टाळी वाजवा, मोटारीचा भोंगा वाजवा, ते रस्त्यातून हलत नसे. शेवटी मुलांनी त्याच्या पाठीमागे उभे राहून पत्र्याचा डबा वाजविला. मांजराचा कानसुद्धा हलला नाही. नंतर जमिनीवर जोराने पाय आपटला, तेव्हा हादरा जाणवून ते दचकून उठले. ते बहिरे होते, एवढेच. निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणा आढळतो, हे डार्विनने आपल्या १८५९ सालच्या ग्रंथात नोंदविले होते. पांढऱ्या रंगाशी व निळ्या डोळ्यांशी हा दोष पुष्कळदा जन्मतःच जोडलेला असतो, हे आता पक्के माहीत आहे. दीडशेहून अधिक वर्षे ठाऊक असलेली गोष्ट आमच्या गल्लीत मात्र ‘माज’ या नावाने वावरत होती.

अशी उदाहरणे पाहू लागलो तर पावलोपावली सापडतात. एखादे मांजर बशीजवळ येते, वास घेते, घास तोंडात घेते आणि एकदम ओरडून दूर पळते. आपण म्हणतो, काय नखरे आहेत याचे! पण त्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, ते एकाच बाजूने चावत असेल, तर हिरड्या सुजल्या आहेत किंवा दात किडला आहे असे समजावे. एखादी म्हातारी मांजरी पाठीवरून हात फिरविताच चावते. ती कृतघ्न झालेली नसते. तिचे सांधे धरलेले असतात, आणि आपला हात नेमका दुखऱ्या जागी पडतो. दुसरे एखादे म्हातारे मांजर खूप खाते, रात्रभर ओरडत फिरते आणि तरीही वाळत जाते. त्याला हावरट म्हणण्याआधी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा विकार तर नाही ना, हे पशुवैद्याला विचारावे. बोका जागोजागी बसून जोर करतो, कण्हतो आणि थेंबभरच लघवी होते, किंवा तीही होत नाही, अशा वेळी त्याला ‘घाणेरडा’ म्हणून हाकलू नये. त्याची लघवी अडलेली असते, आणि एक-दोन दिवसांत ते त्याच्या जिवावर बेतते.

आपल्या बेटावरचे ऊनही विसरून चालणार नाही. पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोकाला खपली धरते, ती पडते, पुन्हा धरते, आणि महिनोन् महिने बरी होत नाही. लोक म्हणतात, भांडखोर आहे, कुठे तरी कान फाडून घेतला असेल. पण वर्षानुवर्षे उन्हात बसल्याने तिथे कर्करोग होऊ शकतो, आणि तो वेळेवर दाखविला तर कानाची कड काढून मांजर वाचविता येते. उलट, कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले आणि जखम स्वच्छ भरून आलेली दिसली, तर ती बहुधा भांडणाची खूण नसते. नसबंदी करून परत सोडलेल्या मांजराला ओळखता यावे म्हणून अनेक देशांत अशी खूण करतात. दोन कानांतला हा फरक नुसत्या नजरेने कळतो. नजर मात्र थांबली पाहिजे.

बोक्यांच्या भांडणांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. रुंद गालांचा, ओरखडलेल्या नाकाचा, मळकट अंगाचा बोका आपल्या प्रत्येक वस्तीत असतो. त्याच्या चाव्यातून नुसता पू होत नाही. मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा एक विषाणूही मुख्यतः अशा खोल चाव्यांतूनच पसरतो. तो १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला. तो माणसाला होत नाही, हे आयाबायांनी लक्षात ठेवावे. उगीच घाबरून मांजराला घराबाहेर काढू नये. मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असलेला दुसरा एक विषाणू तर १९६४ सालीच ग्लासगोत ओळखला गेला होता. तो एकमेकांना चाटण्याने आणि एकाच बशीत खाण्यानेही पसरतो. म्हणजे दहा मांजरांना एकाच परातीत भात-मासळी घालणारा प्रेमळ हात नकळत रोगही वाढीत असतो. चार बशा चार जागी ठेवल्या आणि रोज घासल्या, तर हे पुष्कळ टळते.

आता खऱ्या स्वभावाकडे वळू. स्वभाव असा काही नसतोच, सगळे दुखणेच, असे आमचे म्हणणे नाही. एका वेताच्या चार पिलांत एक पुढे येऊन बोट चाटते आणि एक फडताळामागे अंग चोरून बसते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की माणसाळू बोक्याची पिले अधिक माणसाळू निघतात, जरी त्या पिलांनी बापाचे तोंडही पाहिलेले नसले तरी. म्हणजे काही भाग रक्तातून येतो. पण तितकाच मोठा भाग पहिल्या दिवसांचा आहे. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिलाला माणसाचा हात, आवाज आणि वास यांची सवय झाली, तर ते जन्मभर माणसाला आपले मानते. हे पाच आठवडे निसटले, तर पुढे कितीही मासळी घाला, भीती पूर्ण जात नाही. आपल्या मराठी शाळेतल्या छोट्यांच्या वर्गात पहिले दिवस किती मोलाचे असतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

रंगावरून स्वभाव ठरविण्याची हौस मात्र सोडलेली बरी. काळे अपशकुनी आणि पिवळे मस्तीखोर, हे आपण ऐकत आलो. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे खरे आहे, आणि त्याचे कारणही आहे : पिवळ्या रंगाची गुणसूत्रातली जागा ‘एक्स’ या लिंग-गुणसूत्रावर असते, आणि २०२५ साली शास्त्रज्ञांनी ती नेमकी शोधूनही काढली. पण रंग ठरविणाऱ्या जागेवरून चोरी किंवा इमानदारी ठरते, असे त्यात कोठेही निघालेले नाही. आपल्या पूर्वजांनी तर बाळाच्या सहाव्या दिवशी पुजल्या जाणाऱ्या षष्ठीदेवीला, म्हणजे आपल्या सटवाईला, मांजर हेच वाहन दिले. तिच्या वाहनाला अपशकुनी कोणी ठरविले, कोण जाणे!

आमच्या मते आपल्या आसपासची मांजरे तीन प्रकारची असतात, आणि ती वेगळी ओळखणे फार महत्त्वाचे आहे. पहिले घरचे वा गल्लीचे मांजर : शेपूट ताठ करून समोर येते, डोळ्याला डोळा देते, हळूच पापण्या मिटते. तिसरे खरेखुरे रानातले मांजर : दिवसा सहसा दिसत नाही, जमिनीला चिकटून चालते आणि माणसाकडे पाहून कधी ‘म्याव’ करीत नाही. मोठी मांजरे ‘म्याव’ करतात ती मुख्यत्वे माणसापाशीच. ज्याला माणूस माहीत नाही ते माणसाशी बोलणार तरी कसे? या दोघांच्या मधले दुसरे मांजर सर्वांत दुर्दैवी. ते कोणाच्या तरी घरात वाढलेले असते आणि मग टाकून दिलेले असते. पहिले काही दिवस तेही फिस्कारते, कोपऱ्यात शिरते, पंजा मारते. लोक म्हणतात, हे रानटी आहे. पण चार-आठ दिवस एका ठरावीक वेळी, एका ठरावीक जागी, दूर बसून त्याला खायला द्यावे. ते हळूहळू एकेक पाऊल जवळ येते, आणि एक दिवस ओरडून उत्तर देते. रानातल्याला घरात कोंडणे हा जितका छळ, तितकाच घरातल्याला रानात सोडणे हा छळ.

नुकत्याच व्यालेल्या मांजरीला तर कोणत्याच नावाने हिणवू नये. मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. जे दात आपल्या हाताला रक्त काढतात, त्याच दातांत ती पिलाला अलगद उचलून नेते. पंधरवडाभर तिच्या वाटेला न जाणे, तिला दोन घास आणि पाणी जास्त देणे, एवढे केले की पुष्कळदा तिचा ‘राग’ आपोआप उतरतो.

आता मुद्द्याची आणि कटू गोष्ट. आपल्या गावांत नको असलेली पिले उसात किंवा रानाच्या कडेला नेऊन सोडतात. सोडणारा म्हणतो, “मारले तर नाही ना! जगतील आपली आपण.” बहुतेक जगत नाहीत. भूक, कुत्री, मुंगूस आणि ऊसतोडणी यांतून फार थोडी वाचतात. जी वाचतात ती रानात शिरतात, आणि तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर जगतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानातले आपले गुलाबी कबूतर, ज्याला क्रिओल लोक ‘पिजों दे मार’ म्हणतात, १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरले होते. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या आणि सरकारी वनरक्षकांच्या अनेक वर्षांच्या कष्टाने त्यांची संख्या आता काही शेकड्यांवर आली आहे, आणि २०१८ साली त्यांची गणना ‘संकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी खाली आली. या पाखरांना वाचविण्यासाठी रानात मांजरांना सापळे लावावे लागतात. आम्हांला हे ऐकून वाईट वाटते, पण ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. डोडो गमावलेल्या बेटाने दुसरे कबूतर गमावू नये. मात्र त्या सापळ्यातल्या मांजराची आजी कोणाच्या तरी ओसरीवर दूध पीत होती, एवढे त्या ओसरीने विसरू नये. दोष रानातल्या मांजराचा नाही, सोडणाऱ्या हाताचा आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील, ते आम्ही ऐकलेले आहेत. एक म्हणतात, “मांजरे फार झाली, मासळीत औषध घालून संपवावीत.” विष मांजर ओळखत नाही. ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला, कोंबडीला आणि एखाद्या रांगत्या पोरालाही ओळखत नाही. शिवाय २०१३ सालच्या प्राणीकल्याण कायद्याप्रमाणे जनावराला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे. दुसरे म्हणतात, “आम्ही सगळ्यांना खायला घालतो, पुण्य लागते.” त्यांच्या दयेबद्दल आम्हांला आदर आहे, पण मांजरी नऊ आठवड्यांत विते, चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि आपल्यासारख्या उबदार हवेत वर्षातून दोन-तीनदा विते. नुसते खायला घालून नसबंदी न करणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या गोणत्याची आजच सोय करणे आहे. दया करायचीच, तर ती पुरी करावी. चार घरांनी थोडे थोडे पैसे काढून एका मांजरीची शस्त्रक्रिया केली, तर ते आम्हांला अन्नदानाहून कमी पुण्याचे वाटत नाही.

काही सावधगिऱ्याही सांगून ठेवतो. मांजराला ताप आहे असे वाटून घरातली पॅनाडोलची गोळी कधीही देऊ नये. माणसाला बरे करणारे ते औषध मांजराला मारते. मोठ्या मांजराला दूध पचतेच असे नाही. हगवण लागत असेल तर पाणी ठेवावे. आपल्या बेटावर पिसाळण्याचा रोग नाही, हे आपले भाग्य. तरी चावा किंवा खोल ओरखडा लगेच साबणाने धुवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. भारतात नातलगांकडे गेल्यावर मात्र मुलांना अनोळखी मांजर-कुत्र्यापासून दूर ठेवावे, आणि चावलेच तर त्याच दिवशी लस घ्यावी. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची घाण तिने काढू नये, दुसऱ्याने काढावी आणि हात धुवावेत. एवढ्याने भागते, मांजराला हाकलावे लागत नाही.

शेवटी एक सूचना, आणि ती आमच्या धंद्याला धरून आहे. प्रत्येक मराठी घरातल्या मुलाने एक साधी वही घालावी. गल्लीतल्या प्रत्येक मांजराला एक पान. आठवड्यातून एकदा तारीख घालून लिहावे : डोळे स्वच्छ आहेत की चिकटलेले, नाक कोरडे की वाहते, अंगावरचे केस चकचकीत की विसकटलेले, चाल सरळ की लंगडी, भूक कशी, आणि आपल्याला किती पावलांपर्यंत जवळ येऊ देते. दोन महिन्यांनी पाने चाळावीत. दहा पावलांवर पळणारे मांजर चार पावलांवर थांबू लागलेले दिसेल; किंवा कुशीत येणारे एकाएकी दूर राहू लागलेले दिसेल, आणि मग ते आजारी आहे हे इतरांच्या आधी त्या मुलाला कळेल. विज्ञानाचा आरंभ याहून वेगळा नसतो.

यात मराठीचेही भले आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना ‘मांजर’ एवढा एकच शब्द येतो. पण पाहायला लागले की शब्द लागतात : नर तो बोका, मादी ती भाटी, अंगाने कबरे, करडे, ठिपक्यांचे, डोळ्यांनी घारे, रागावले की फिस्कारते, सुखावले की घुरघुरते, भ्याले की अंग चोरते, पाठीची कमान करते, कान पाडते. हे शब्द पाठ करून घेतले तर परीक्षेनंतर विसरतात. एका लंगड्या बोक्यासाठी शोधले तर जन्मभर राहतात. कोकणातून आलेल्या आपल्या आजी-पणजींच्या तोंडी मांजरासाठी असे आणखी शब्द असतील. ज्या घरांत ते अजून जिवंत आहेत, त्यांनी ते या पानाकडे जरूर लिहून पाठवावेत. मुलांच्या वह्यांत त्यांना जागा आहे.